आत जाण्याआधीचं दप्तर: सीमाभागातल्या तरुण कार्यकर्त्यांना खुलं पत्र

सीमाभागातल्या तरुण कार्यकर्त्यांनो,

सप्रेम नमस्कार.

१ नोव्हेंबरची काळ्या दिनाची सायकल फेरी संपल्यावर गोवावेसजवळच्या टपरीवर आपण दहा-बारा जण चहाला थांबलो होतो, आठवत असेल. खानापूरकडचा एक मुलगा सांगत होता, वडिलांच्या माघारी जमिनीला वारसाची नोंद लावण्यासाठी किती खेपा घातल्या, एजंटाने काय मागितलं आणि एवढं करून उताऱ्यावर नाव चुकीचंच कसं आलं. ऐकता ऐकता तुमच्यातलाच एक म्हणाला, "काका, एकदा महाराष्ट्रात गेलो की हे सगळं आपोआप सरळ होतंय बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येऊन चपला काढता काढता स्वतःचाच राग आला. एकतीस वर्षं ज्या वाक्याखाली मी लाल शाईने रेघ मारत आलो, ते हेच वाक्य होतं.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण. किर्द, खतावणी, थकबाकीची यादी, शेवटी दोष दुरुस्ती अहवाल. त्या काळातली एक गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव सांगत नाही, विचारूही नका. एक छोटी पतसंस्था एका मोठीत विलीन व्हायची होती. मोठीला शाखा हव्या होत्या, छोटीला मोठीचं नाव. विलीनीकरण ठरल्यापासून चार महिन्यांत छोटीची वसुली अशी काही वाढली की बघत राहावं. प्रत्येक कर्जाला जामीनदार, प्रत्येक तारणाला मूल्यांकन. मी व्हाउचर काढून बसलो तेव्हा कळलं, सगळं नवं-जुनं होतं. जुनं कर्ज सकाळी फिटलेलं, दुपारी त्याच माणसाला तेवढंच नवं दिलेलं. मी मेमो काढला. मोठीच्या अध्यक्षांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "साहेब, पत्रिका वाटून झाल्यात. आत येऊ देत, मग बघू." आत आल्यावर छोटीचे दोन संचालक मोठीच्या मंडळावर बसले. ज्यांचं दप्तर तपासायचं, तेच तपासणाऱ्यांच्या पंगतीला. ठेवीदार अजून खेटे घालतात.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल.

माझा भाचा उद्यमबागच्या फौंड्रीत शिकला आणि वेल्डर म्हणून रोमानियाला गेला. त्याच्या फोनमुळे मला म्हातारपणी युरोपचं वेड लागलं. रात्री झोप येत नाही तर वाचत बसतो. आणि वाचता वाचता मला तिथे तीच पतसंस्था भेटली. शिक्के तेवढे मोठे.

युरोपीय संघ म्हणजे आज २७ देश. एक बाजारपेठ, बहुतेकांचं एक चलन आणि मागास भागांसाठी सामाईक तिजोरी. तिजोरी म्हटली की सभासद कोणाला करायचं हा प्रश्न आलाच. १९९३ साली कोपनहेगनला त्यांनी अटी घातल्या: लोकशाही आणि कायद्याचं राज्य पक्कं हवं, अर्थव्यवस्था बाजारात टिकणारी हवी, आणि संघाचे सगळे नियम अमलात आणायची ताकद हवी. पोटनियम म्हणून याहून चांगला मसुदा मी पाहिला नाही. पुढे २००४ साली १ मे रोजी एकदम दहा देश आत आले. त्याच २००४ साली महाराष्ट्र सरकार आपल्या सीमाप्रश्नासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिकडे त्या देशांतल्या कित्येकांनी आत जाऊन चलन बदललं, पुन्हा निवडणुका, पुन्हा घोटाळे, सगळं करून झालं. आपण तारखा मोजतोय. असो.

खरी गोष्ट २००७ ची. त्या १ जानेवारीला रोमानिया आणि बल्गेरिया आत आले. तयारी झाली नव्हती हे ब्रुसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयाला, माहीत होतं, त्या दोघांनाही माहीत होतं. न्यायालयं सत्तेच्या तालावर, मोठ्या माशांवर खटले नाहीत, बल्गेरियात टोळ्यांचे भररस्त्यात खून. पण प्रवेशाचा करार २००५ च्या एप्रिलमध्ये सह्या होऊन गेला होता आणि त्यात तारीख होती. एक वर्ष पुढे ढकलायची मुभाही त्यातच लिहिलेली होती; ती कोणी वापरली नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या ना!

मग त्यांनी काय केलं? सभासद करून घेतल्यावर परीक्षा सुरू केली. 'सहकार्य आणि पडताळणी यंत्रणा' असं तिचं नाव. रोमानियाला चार कसोट्या, बल्गेरियाला सहा. ठरावीक काळाने ब्रुसेल्सचा अहवाल यायचा, त्यात 'प्रगती आहे, पण' असा शेरा. आमच्याकडेही असेच शेरे असतात, म्हणून मला वाचताना हसू यायचं. ही परीक्षा अधिकृतपणे संपायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. सोळा वर्षं! मधल्या काळात २००८ साली बल्गेरियासाठीचे संघाचे पैसे गैरव्यवहारामुळे गोठवले गेले आणि त्यातले सुमारे २२ कोटी युरो त्या देशाने कायमचे गमावले. गोठवलेल्यात रस्त्यांसाठीचा, शेतकऱ्यांसाठीचा पैसाही होता. चोरी केली ठेकेदारांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी, दंड भरला गावाने.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढे सगळं तिच्यावरच उभं आहे. जोवर दार बंद असतं, तोवर आत येऊ पाहणारा सगळं ऐकतो. क्रोएशियाचं बघा. बल्गेरियाचा अनुभव घेऊन संघाने न्यायव्यवस्थेचं वेगळं प्रकरण वाटाघाटीत घातलं, आणि त्या वाटाघाटी चालू असतानाच, डिसेंबर २०१० मध्ये, क्रोएशियाचे माजी पंतप्रधान इवो सानादेर भ्रष्टाचाराच्या आरोपांत ऑस्ट्रियात पकडले गेले. युक्रेनचं अगदी अलीकडचं. २०२५ च्या २२ जुलैला त्यांच्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी तपास संस्थांचे पंख कापणारा कायदा केला. युद्ध चालू असताना लोक पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून रस्त्यावर आले, ब्रुसेल्सने डोळे वटारले, आणि ३१ जुलैला संसदेने संस्थांना स्वातंत्र्य परत दिलं. नऊ दिवसांत. कारण युक्रेन अजून दाराबाहेर आहे.

आता आत आलेल्याचं बघा. हंगेरी २००४ चा, त्या वर्गातला हुशार विद्यार्थी. पुढे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांच्या राजवटीत न्यायालयं, माध्यमं, सरकारी ठेके सगळं एका बाजूला झुकत गेलं. संघाने डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो रोखले. बरं झालं म्हणाल. पण संघात नवा सभासद घेण्यासारखे निर्णय एकमताने होतात. एका वर्षाने युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायचा ठराव आला तेव्हा हंगेरीचा हात आडवा. १३ डिसेंबर २०२३ ला आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, हंगेरीसाठी अडकलेल्या दुसऱ्या रकमेतले १०.२ अब्ज युरो मोकळे केले. कारण दिलं, न्यायालयीन सुधारणा झाल्या. १४ डिसेंबरला ठरावाच्या वेळी ऑर्बान खोलीबाहेर गेले आणि ठराव झाला. दोन गोष्टींचा संबंध नाही असं आयोग म्हणतो. युरोपच्या संसदेला ते पटलं नाही, ती आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली. मी निवृत्त माणूस, दोन व्हाउचरांच्या तारखा शेजारी ठेवून बघायची सवय जात नाही, एवढंच म्हणतो.

ग्रीसचं सांगायचा मोह आवरत नाही, जरी तो नवा सभासद नव्हता. तो २००१ साली युरो चलनात गेला आणि २००४ साली कबूल झालं की सरकारी तूट कमी दाखवलेली होती. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तर नव्या सरकारने त्या वर्षाच्या तुटीचा अंदाज देशाच्या उत्पन्नाच्या ३.७ टक्क्यांवरून एकदम १२.५ टक्क्यांवर नेला. देशाच्या पातळीवरचं नवं-जुनं ते हेच. नंतर आंद्रेआस जॉर्जिऊ नावाचे अधिकारी सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख झाले, त्यांनी आकडे नियमाप्रमाणे लावले, युरोपच्या सांख्यिकी यंत्रणेने ते मान्य केले. आणि खटला कोणावर? जॉर्जिऊंवर. वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या. त्या रात्री मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

पण रोमानियाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल काका नुसतं रडगाणं गातात. आत येण्याच्या धाकात त्यांनी एक भ्रष्टाचारविरोधी अभियोग कार्यालय उभं केलं होतं. त्याने पुढे खरंच काम केलं. माजी पंतप्रधान आद्रियान नस्तासे २०१२ साली तुरुंगात गेले. मंत्री, महापौर, खासदार रांगेने कोर्टात दिसू लागले. मग ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या सरकारने गुपचूप अध्यादेश काढला की पदाच्या गैरवापराने दोन लाख लेउपेक्षा (लेउ हे तिथलं चलन) कमी नुकसान झालं असेल तर तो फौजदारी गुन्हाच नाही. म्हणजे भ्रष्टाचाराला दरपत्रकच दिलं! कडाक्याच्या थंडीत लाखो माणसं चौकात आली, मोबाईलचे दिवे लावून उभी राहिली. पाच दिवसांत अध्यादेश मागे. सत्ताधारी पक्षाचे नेते लिविउ द्राग्न्या २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी तुरुंगात गेले. त्या कार्यालयाच्या प्रमुख लॉरा कोवेशी यांना सरकारने २०१८ साली पदावरून घालवलं होतं. त्याच बाई पुढे युरोपीय अभियोग कार्यालयाच्या पहिल्या मुख्य अभियोक्ता झाल्या. स्वतःच्या देशाच्या सरकारचा विरोध असताना.

बाहेरच्या धाकाने संस्था उभी राहिली. ती पाडायला निघाले तेव्हा मात्र वाचवायला चौकातली माणसं लागली. भाचा म्हणतो, त्याच्या कारखान्यातला एक वयस्क फोरमन अजून त्या रात्रीचं सांगतो, आणि लगेच पुढे सांगतो की दवाखान्यात डॉक्टरला पाकीट द्यावं लागतं ते लागतंच.

आता आपल्याकडे येऊ. तुमचा पहिला आक्षेप मला ऐकू येतोय: काका, महाराष्ट्र म्हणजे काही युरोप नव्हे, आणि आपण काही बल्गेरिया नव्हे. खरं आहे. आपण देश नाही, आपल्याशी कोणी वाटाघाटी करणार नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसद राज्यांच्या हद्दी बदलू शकते, विधानसभेचं मत मागवावं लागतं पण ते बंधनकारक नाही. १९५६ साली आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं तेव्हा आपल्याला कोणी विचारलं होतं? पण मी म्हणतो, म्हणूनच तर अटी आपण लिहायच्या. दुसरं कोणी लिहिणारच नाही. आपण तेव्हापासून 'सामील करा' म्हणतोय. सामील झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील कार्यालयात काय वेगळं असायला हवं, हे आपण एका कागदावर तरी उतरवलंय का?

एकच मुद्दा घेतो, कारण तो माझ्या कामाशी जवळचा आहे. कर्नाटकातल्या लोकायुक्तांना स्वतःचा पोलीस विभाग आहे. संतोष हेगडे लोकायुक्त असताना २०११ मध्ये खाणींचा अहवाल आला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला. ही ताकद राजकारण्यांना सोसली नाही. २०१६ साली तेव्हाच्या सरकारने वेगळी लाचलुचपत शाखा काढून लोकायुक्तांचे दात काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती शाखाच रद्द केली आणि अधिकार परत लोकायुक्तांकडे आले. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ सालीच केला, पण त्या कायद्याने दिलेलं काम शिफारस करण्याचं. लाचलुचपत विभाग गृहखात्याखाली. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने नवं, कडक विधेयक मंजूर केलं, मुख्यमंत्र्यांनाही त्यात आणलं. ते गावपातळीवर केव्हा जाणवेल? तुमच्यापैकी कोणी मुंबईतल्या एकाही पुढाऱ्याला हे विचारलंय का, की आम्ही तिकडे आलो तर इथे असलेला लोकायुक्तांचा पोलीस विभाग आम्ही हरवायचा का? फेट्यांचे आणि हारांचे फोटो मी पुष्कळ पाहिले. हा प्रश्न विचारतानाचा फोटो एकही पाहिला नाही.

हे लिहिताना मला माहीत आहे, कोणीतरी म्हणेल काका कर्नाटकाची बाजू घेतात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माझ्या डाव्या खांद्यावर लाठी पडलीय, पावसाळ्यात अजून दुखतो. निष्ठेचा दाखला मी कोणाकडे मागायला जाणार नाही. मराठीतून कागद मागणारा माणूस इथे गुन्हेगारासारखा वागवला जातो याचं मलाही तेवढंच वाईट वाटतं. युरोपीय संघात चोवीस अधिकृत भाषा आहेत. माल्टासारखा चिमुकला देश आत आला तर त्याची भाषाही आली, आणि नागरिकाने त्यातल्या कोणत्याही भाषेत लिहिलं तर उत्तर त्याच भाषेत द्यावं लागतं. प्रवेशाच्या कागदात भाषा लिहून घेतलेली होती, म्हणून. आमच्या मागण्यांच्या यादीत भाषा पहिली आहे आणि असायलाच हवी. तिच्याखाली दुसरी ओळ नाही, एवढंच माझं दुखणं.

आणि भ्रष्टाचार हद्दीवरच जास्त पोसतो, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? आपल्या बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या बहुराज्य पतसंस्था बघा. २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंद, दोन्हीकडे सभासद. ठेव बुडाली की माणूस इकडच्या कार्यालयात जातो, तिथे म्हणतात आमच्या अखत्यारीत नाही. तिकडे जातो, तेही तेच म्हणतात. निबंधक बसतो दिल्लीत. कोवेशीबाईंचं ते युरोपीय अभियोग कार्यालय २०२१ च्या जूनमध्ये सुरू झालं ते याच कारणासाठी: पैसा ब्रुसेल्सचा, चोरी गावात, तपास कोणाचाच नाही. हंगेरीने त्यात जायला नकार दिला, यात नवल नाही. स्लोव्हाकियात यान कुचियाक नावाचा सत्तावीस वर्षांचा पत्रकार शेतीच्या युरोपीय अनुदानावर डल्ला मारणाऱ्यांचा माग काढत होता. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला घरात गोळ्या घातल्या. लोक रस्त्यावर आले, पंतप्रधान रॉबर्ट फित्सो पायउतार झाले. पाच वर्षांनी निवडणूक जिंकून तेच परत आले.

तिकडे सांगली जिल्ह्यात जतच्या पूर्व भागातल्या मराठी-कानडी गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाऊ म्हटलं होतं, तो विषय २०२२ च्या अखेरीस पुन्हा गाजला. आपण त्यांना नावं ठेवली. मला वाटतं त्यांचं एक बरोबर होतं. त्यांना नेमकं काय हवंय ते एका शब्दात सांगता येत होतं.

तर माझं मागणं असं. पुढच्या बैठकीत घोषणा ठरवण्याआधी तासभर मला द्या. वारसा नोंद किती दिवसांत, कोणाकडे तक्रार, पतसंस्थांचं लेखापरीक्षण कोण करणार, इथे ज्या अधिकाऱ्यांवर चौकशा चालू आहेत त्यांच्या फायली हस्तांतरात कुठे जाणार. हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माझ्या पाहण्यात विलीनीकरणात सगळ्यात आधी हरवतात त्या चौकशीच्या फायली. हे लिहून काढू आणि जो पुढारी हुतात्म्यांना हार घालायला येईल त्याच्यापुढे ठेवू. आज त्याला आपली गरज आहे. निकाल लागल्यावर त्याला कोल्हापूरच्या पुढे यायचंही कारण उरणार नाही. कर्नाटकातच राहायचं झालं तरी हा कागद वाया जात नाही, तोच बंगळूरला पाठवू. बेळगावला अधिवेशन भरतंच की दर हिवाळ्यात.

खानापूरच्या त्या मुलाला माझ्याकडे पाठवा. त्याच्या अर्जाची पोच त्याच्याकडे आहे का, ते मला बघायचंय. बहुधा नसेल.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
टिळकवाडी, बेळगाव

ता. क. फेरीच्या खर्चासाठी मी पाचशे रुपये वर्गणी दिली होती. तिची पावती अजून मिळालेली नाही.